सुईण काय म्हणाली

निकाल मी उभ्यानं वाचला. बसून वाचला असता तरी चाललं असतं. कालिकामातेच्या सभामंडपात जमलेले चाळीसेक रासणे सतरंजीवर मांडी घालूनच ऐकत होते. पण कोर्टाचा कागद बसून वाचला की त्याचं वजन जातं, असं तेव्हा मला वाटायचं. नाकावर चष्मा, हातात मीच केलेली नक्कल, नकलेवर कोर्टाचा गोल शिक्का. समोरच्या बायकांनी पोरांना दटावून गप्प केलं तेव्हा मला बरं वाटलं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मी जिल्ह्याच्या कोर्टात नकलनवीस होतो. कुणी अर्ज केला की जुन्या निकालाची हुबेहूब प्रत काढून द्यायची, एवढंच माझं काम. पण पंधरा वर्षं रेकॉर्डरूमची धूळ खाल्ल्यावर जुनं इंग्रजी आणि मोडी दोन्ही वाचणारा मी एकटाच उरलो, आणि लोक आपापलं घराणं बगलेत मारून माझ्याकडं यायला लागले. कुणाचा खापरपणजोबा दरोड्यात सापडलेला, कुणाचा चुलता बांधावरच्या मारामारीत. गुन्ह्याच्या कागदात माणूस जसा सापडतो तसा जमिनीच्या कागदात सापडत नाही. तिथं त्याचं वय असतं, अंगावरचे कपडे असतात, त्या दिवशी तो काय जेवला तेही कधी कधी असतं. मी ते वाचून सांगायचो, लोक तोंडात बोट घालायचे, जेवायला थांबवून घ्यायचे. घरी मला 'अहो' म्हणायचे. बाहेर मी 'सरोदे भाऊसाहेब' झालो होतो.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. अप्पा रासणे, जातीनं कासार, तालुक्याच्या पेठेत भांड्यांचं मोठं दुकान. त्यांनी घराण्याचा कुळवृत्तांत छापायला काढला होता. सगळ्या शाखा, सगळी नावं, मुळापासून शेंड्यापर्यंत. अडलं होतं ते पणजीपाशी. सगुणाबाई तिचं नाव. ती तुरुंगात जाऊन आली होती एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. का गेली, ते कुणी धड सांगत नव्हतं. तरी तिचा टाक देव्हाऱ्यात होता. मोठ्या माणसाच्या माघारी चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्त ठोकून देवांच्या ओळीत बसवतात, तसा. अप्पांच्या मनात असं होतं, की पणजीनं गोऱ्या साहेबाविरुद्ध काहीतरी केलेलं असावं. तसं निघालं तर टाकाचा फोटो पहिल्याच पानावर घालायचा त्यांचा बेत होता.

मी निकाल शोधला. अठराशे एकोणनव्वदचा, सेशन कोर्टाचा, इंग्रजीत, मोत्यासारख्या अक्षरात. तो मी मराठीत उतरवून वाचत होतो.

वाकळी गावात पाटलाच्या गोठ्यामागं पुरलेलं एक अर्भक कुत्र्यांनी उकरलं. दोघींना पकडलं. एक पाटलाची विधवा सून गंगा. दुसरी सगुणा, तुकाराम कासाराची बायको, वय चोवीस, धंदा बांगड्या भरण्याचा. दोघींवर आरोप एकच होता, मूल मारून पुरल्याचा. सगुणेनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: मूल माझं आहे, मेलेलंच जन्मलं, मीच पुरलं. तिचा नवरा दीड वर्ष वऱ्हाडात फिरतीवर होता, हे साक्षीपुराव्यानं शाबीत झालं. साहेबानं लिहिलं होतं, की हे मूल व्यभिचाराचं असून ते लपवण्याखातर आरोपीनं हे कृत्य केलं याविषयी शंका उरत नाही. खुनाचा आरोप टिकला नाही. जन्म लपवल्याबद्दल सगुणेला अठरा महिने सक्तमजुरी. गंगा निर्दोष.

मी कागदाची घडी घातली. आतल्या समईची वात चरचरलेली ऐकू आली. मग अप्पांचा पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, "घ्या. आमची झाशीची राणी." दोघंतिघं हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांचा चेहरा कल्हई उडालेल्या पातेल्यासारखा झाला होता.

तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या गोदूआत्या बोलल्या.

गोदूआत्या म्हणजे अप्पांच्या वडलांची बहीण. पंच्याहत्तरीची बाई, वाळक्या शेंगेसारखी, नवऱ्यानं टाकली म्हणून चाळीस वर्षं माहेरच्याच आसऱ्याला. सगुणाबाई तिची सख्खी आजी. सगळ्या मंडपात त्या आजीला डोळ्यांनी पाहिलेली ही एकटी. बांगडी भरायचं कसबही तिच्याच हाताखाली शिकलेली. पेठेत अजून लग्नाचा चुडा भरायला गोदूआत्याच लागायच्या. त्यांच्या हातून बांगडी फुटत नाही, अशी ख्याती होती.

"भाऊसायेब," त्या म्हणाल्या, "सुईण काय म्हणाली, ते नाही वाचलं तुम्ही."

मी विचारलं, कुठली सुईण. तर आत्यांनी डोळे मिटले आणि जात्यावरच्या चालीत, पण जवळजवळ बोलल्यासारखं, एवढंच म्हणाल्या:

*सुईण बोलली खरं, कागदाला न्हाई गेलं*
*सगुणा माझी सासू, तिनं पदरात नेलं*

"आईनं शिकिवली ही ववी," आत्या म्हणाल्या. "सुईण होती. तिची जबानी झालीवती. ती वाचा की."

माझी स्वतःची आई पहाटे दळताना गायची. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी वाढलो. आज मला जे काही दोन शब्द लिहिता येतात ते त्या जात्याच्या घरघरीतून आलेले आहेत. असं असून मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आत्या, ओवीला कोर्टात पुरावा म्हणत नाहीत." लोक पुन्हा हसले, या वेळी मोकळेपणानं, कारण अवघडलेल्या जागी कुणी हसवलं की बरं वाटतं. आणि त्या हसण्याच्या भरात मी पुढं म्हणालो, की जबान्या आता नाहीत. साक्षीदारांनी शब्दाला शब्द सांगितलेलं जे असतं ते कागद ठरावीक वर्षांनी फाडून टाकायचा नियमच आहे. ते नष्ट झाले. निकालात सगळ्याचं सार आलेलंच असतं.

"नष्ट झाले," आत्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणून पाहिलं, अनोळखी घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवून पाहावा तसं.

जेवणं झाल्यावर अप्पांनी मला दुकानामागच्या कारखान्यात नेलं. त्यांनी देव्हाऱ्यातून टाक काढून आणला होता. अंगठ्याएवढा, झिजून झिजून नाकडोळे गुळगुळीत झालेला. ते म्हणाले, भाऊसाहेब, तुम्हीच सांगा, हा आता देवांत कसा ठेवायचा. मी म्हणालो, हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. असं म्हणताना माझ्या आवाजात केवढा समंजसपणा होता.

अप्पांनी टाक मुशीत टाकला, मूस भट्टीवर चढली. तेवढ्यात मागच्या दारात गोदूआत्या येऊन उभ्या राहिल्या. त्यांना काय चाललंय ते लगेच कळलं. मला वाटलं, आता ही म्हातारी रडणार, शिव्याशाप देणार. आत्या चौकट धरून उभ्या होत्या. चांदीला आटायला वेळ लागत नाही. नाकडोळे आधीच गेलेले, मग कडा गेल्या, मग मुशीत नुसता एक थेंब थरथरत राहिला.

"लांब धर चिमटा, अप्पा," त्या म्हणाल्या. "चटका बसंल."

आणि आत गेल्या.

आता खरं सांगतो. जबान्या नष्ट झालेल्या नव्हत्या. निकाल ज्या कापडी रुमालात बांधलेला होता त्याच रुमालात, त्याच्याच खाली, त्या होत्या. मी पाहिल्या होत्या. ऐंशी-नव्वद पानं, घसटत लिहिलेली मोडी, शाई फुटलेली, वाळवीनं कडा खाल्लेल्या. निकाल इंग्रजीत, स्वच्छ, बारा पानांचा. आम्हां नकलनविसांना एक खोड लागते. अर्जात निकाल मागितला की आम्ही निकाल बघतो, बाकीचं बाजूला सारतो. साहेब सगळं वाचून, तोलूनच लिहितो ना, मग खालचा चिखल कशाला तुडवायचा? पंधरा वर्षांत ही खोड माझ्या हाडात मुरली होती. मी रुमाल तसाच बांधून माझ्या कपाटात ठेवला होता.

दोन महिन्यांनी वार्षिक तपासणी आली. बाहेर काढलेले रुमाल जागच्या जागी लावायचे होते. दुपारची वेळ, कचेरी जेवायला गेलेली. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप टेबलावर पडत होती. मी सगुणाबाईचा रुमाल उचलला आणि गाठ बांधता बांधता, का कोण जाणे, सोडली.

सुईणीचं नाव चिमा. मांगवाड्यातली. वय अंदाजे साठ. सरकारनंच तिला दोघींना तपासायला नेलं होतं. तिची जबानी दीड पानाची.

'मी दोघींस पाहिले. पाटलाच्या सुनेच्या अंगावर दूध होते. तिची ओटी ढिली होती. कासारणीचे पोट कोरडे. तिला बाळंत होऊन चार साले तरी झाली असतील.' कोर्टानं विचारलं: मग ती मूल माझं असं का म्हणते? उत्तर: 'ते तिलाच इचारावे.'

मी उठून दार लोटून घेतलं आणि पुढं वाचलं. गंगेचं म्हणणं फक्त चार ओळींत होतं. मी आजारी होते, मला काही ठाऊक नाही, कासारीण म्हणते ते खरे. खाली अंगठा. आणि मग सगुणाबाई. तिला कोर्टानं खोदून विचारलेलं दिसत होतं. गंगा विधवा; तिच्या हातात बांगडी नाही; मग त्या वाड्यात माजघरापर्यंत जायचं तुझं काम काय होतं? कारकुनानं तिचं उत्तर तिच्याच बोलीत उतरवून घेतलं होतं. त्या कारकुनाचे पाय धरावेत असं मला आजही वाटतं.

'मी गावच्या समद्या बायांचे हात धरते. गंगाचा हात धरायचे सात साल बंद झाले. त्या दिशी तिने माझा धरला. मूल माझे आहे. जास्त काही सांगणे नाही.'

आणि त्याखाली नेहमीचं: लिहिलेले वाचून दाखवले, बरोबर आहे.

मी निकाल पुन्हा काढला. सातव्या पानावर एक ओळ होती, की सुईणीचा एकंदर दर्जा पाहता तिच्या शब्दावर विसंबणे इष्ट वाटत नाही. ती ओळ मी पूर्वी वाचलेली होती. सभामंडपात वाचताना गाळली होती. वाक्य लांब होतं, आणि पोरं चुळबुळत होती.

माणसानं त्याच दिवशी एस.टी. धरून जायला हवं होतं. मी गेलो नाही. पहिल्या आठवड्यात म्हटलं, नीट नक्कल तयार करू, मग जाऊ. दुसऱ्या आठवड्यात तपासणी होती. तिसऱ्यात सर्दी झाली. पुढं कारण शोधायचंही सोडून दिलं. सकाळी उठलं की वाटायचं, टाक तर आटलाच आहे, आता एक दिवस इकडं काय आणि तिकडं काय. बायको विचारायची, बरं नाही का. मी तिच्यावर खेकसायचो.

मग अप्पा स्वतःच कचेरीत आले, आमंत्रण द्यायला. कुळवृत्तांत छापून झाला होता, शेवटचं पुस्तीचं पान तेवढं बाकी. प्रकाशन त्याच सभामंडपात. त्यांनी मला छापलेला फर्मा दाखवला. तुकाराम या नावाशेजारी जिथं बायकोचं नाव यायचं तिथं छापलं होतं: माहिती उपलब्ध नाही. मी विचारलं, गोदूआत्या कशा आहेत. ते म्हणाले, आहेत. चुडा भरायला जायचं बंद करायला सांगितलंय, लोकांच्या कानावर गेलंय ना सगळं. लग्नघरी कुणी बोललं म्हणजे? त्यापेक्षा घरात बसलेली बरी.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मुद्दाम अप्पा दुकानात असताना.

आत्यांची खोली परसात होती. खाट, ट्रंक, भिंतीवर खुंट्यांना दोऱ्यांत ओवलेल्या बांगड्या. हिरव्या, काळ्या, राजवर्खी. आत्या एकेक दोरा खाली काढून फडक्यानं पुसत होत्या आणि पुन्हा लावत होत्या. आता त्या कुणाच्या हातात जाणार नव्हत्या, पण धूळ तर बसतच होती.

मी बसलो आणि जबान्या वाचल्या. आधी चिमाची, मग गंगेची, मग सगुणाबाईची. आत्यांनी पुसायचं थांबवलं नाही. फक्त 'त्या दिशी तिने माझा धरला' इथं त्यांचा हात थांबला, आणि मी पुढचं वाचेपर्यंत थांबलेलाच राहिला.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बोलायची अशीच आजी. तोडून."

मी विचारलं, गंगेचं पुढं काय झालं. आत्यांनी सांगितलं, की ती म्हातारी होऊन मेली, भरल्या घरात. त्यांनी पोर असताना तिला पाहिलं होतं. आजी समोरून येताना दिसली की वाट बदलायची.

"आजीला राग नाही यायचा?"

"मी बी इचारलंवतं तिला. तर म्हणाली, वाट बदलती, म्हंजी तिला आठवतंय. आठवतंय तवर बास झालं."

परसातल्या शेवग्यावर कावळा ओरडत होता. मला तेवढ्यावर उठता आलं असतं. कागद उशिरा सापडले, एवढं म्हणून नमस्कार करून निघता आलं असतं, एस.टी.त बसल्यापासून मी तसंच ठरवलंही होतं. पण आत्यांनी माझ्याकडं इतक्या निर्मळ नजरेनं पाहिलं, की मला ते जमलं नाही.

"आत्या, हे कागद तेव्हाही होते. माझ्याच कपाटात होते. मी उघडले नव्हते. नष्ट झाले म्हणालो ते खोटं."

त्यांनी दोरा खाली ठेवला. "का वं?"

मी कारण शोधलं. कोर्टाचं, नियमाचं, कामाच्या रगाड्याचं. एकही उभं राहीना. "कंटाळा केला," मी म्हणालो.

"आन तिकडं टाक आटला."

"हो."

आत्यांनी दोरा उचलून पुन्हा खुंटीला अडकवला. मग त्यांनी एक श्वास सोडला. त्यात राग नव्हता; दिवसभर चालून आलेलं माणूस ओट्यावर टेकताना सोडतं तसला तो होता. म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग, भाऊसायेब? मला ठावंच होतं. मी त्या दिशी इचारलं ते माझ्यासाठी नव्हतं. ज्यांच्या म्होरं वाचलंत, त्यांच्या म्होरं वाचा."

मी म्हणालो, वाचीन. आणि माझं खोटंही सांगीन, सगळ्यांसमोर.

"सांगा," त्या म्हणाल्या. "हलकं वाटंल."

अप्पांना मी तिथूनच दुकानात जाऊन सांगितलं, की काही नवीन कागद हाती आलेत, प्रकाशनाच्या दिवशी वाचू द्या. 'हाती आलेत' म्हणालो. तेवढं तर चालतंच, असं मनाशी म्हणालो.

प्रकाशनाच्या दिवशी एस.टी.त मी एकच वाक्य घोकत होतो. 'त्या दिवशी मी तुमच्यापुढं खोटं बोललो.' पाच-सहा शब्द. खिडकीबाहेर जोंधळा पोटऱ्यात आला होता. मी ओठ हलवून म्हणत होतो, शेजारच्या माणसाला वाटलं मी जप करतोय, त्यानं आदरानं सरकून जागा दिली.

या वेळी मंडपात दीडदोनशे माणूस होतं. पाहुणे म्हणून एक निवृत्त न्यायाधीश आले होते. मी त्यांच्या हाताखाली काम केलेलं. त्यांनी मला पाहून, अरे सरोदे, म्हणून पाठीवर हात ठेवला. आत्या पुढच्याच रांगेत होत्या, धुवट पांढऱ्या लुगड्यात.

मी वाचलं. आवाज फारसा चढवला नाही, कागद स्वतःच बोलत होता. चिमाच्या 'ते तिलाच इचारावे'ला बायकांमधून एक हुंकार आला. सगुणाबाईचं उत्तर वाचलं तेव्हा कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला आणि मग तो रांगारांगांतून पसरत गेला. पुण्याचा चुलतभाऊ चष्मा काढून पुसत होता. अप्पा उठले, कालिकामातेकडं तोंड करून त्यांनी कान धरले आणि तिथंच जाहीर केलं, की नवा टाक घडवीन, आधीच्या दुप्पट चांदीचा, आणि पुस्तीच्या पानावर पणजीचं नाव आणि ही जबानी अक्षर न गाळता छापीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्यायाधीश उभे राहिले. म्हणाले, शंभर वर्षांपूर्वीचा चुकीचा निकाल आज एका नकलनविसानं फिरवला. असा अभ्यासू, असा प्रामाणिक माणूस आमच्या खात्यात आहे याचा मला अभिमान वाटतो. अप्पांनी माझ्या अंगावर शाल घातली. नारळ दिला.

आता बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही. टाळ्या चालू होत्या. त्या थांबल्या की बोलू, असं मी ठरवलं. त्या थांबल्या.

अप्पांच्या बायकोनं, इंदूवहिनींनी, विचारलं ते काही वाईट मनानं विचारलं नाही. बाई सरळ होती. म्हणाली, "पण भाऊसाहेब, त्या वेळी तुम्ही जबान्या नष्ट झाल्या म्हणाला होतात. मग ह्या आल्या कुठून? तेव्हाच कळतं तर देव्हाऱ्यातला टाक वाचला असता हो."

सगळे माझ्याकडं वळले. न्यायाधीशही. माझ्या एका हातात नारळ होता, दुसऱ्यात कागद, आणि तो माझ्या मुठीत चुरगळत चालला होता.  ते पाच-सहा शब्द होते, घोकलेले होते, जिभेवर होते. मी समोर पाहिलं. गोदूआत्या माझ्या चेहऱ्याकडं नाही, त्या हाताकडं बघत होत्या.

मग त्या गुडघ्यावर हात रेटून उठल्या.

"त्यांना काय इचारता?" त्या म्हणाल्या. "माझी करणी हाय ती. त्या दिशी मंडपात यायच्या आधीच भाऊसायेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलंवतं, जबान्या हायेत, पर वाचायला येळ लागंल. मीच हात जोडलं. म्हणलं, नष्ट झाल्या म्हणून सांगा. मला वाटलं, आत आणखी वंगाळ निघंल. मंडपात वाचा म्हणलं, ते नुसतं लोकांस्नी दाखवाया."

 इंदूवहिनींनी तोंडाला पदर लावला.

"आत्ये, तू?" अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "आम्ही परके झालो. आम्हाला कागदानं फसवलं. तू तर तिच्या मांडीवर वाढलीस. तुझा तुझ्या आजीवर भरवसा नव्हता? डोळ्यांदेखत टाक आटवू दिलास? दारात उभी होतीस तू."

"चुकलं माझं," आत्या म्हणाल्या.

"चुकलं म्हणे," मागून कुणीतरी म्हणालं. "उगीच नाही नवऱ्यानं टाकली."

आत्यांनी मान खाली घातली. पांढऱ्या केसांमधला भांग मला दिसत होता, सरळ, एखाद्या उजाड पायवाटेसारखा. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर त्या बाईनं तिळभर शंका घेतली नाही, तीच तिनं दोनशे माणसांत सोडून दिली होती. आणि सोडताना तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

अप्पा माझ्याकडं वळले. डोळे लाल झाले होते. "असंच झालं होतं का, भाऊसाहेब?"

"हो," मी म्हणालो.

मंडप मोठा होता. मागच्यांना ऐकू गेलं नाही. तिथून कुणीतरी विचारलं, काय म्हणाले? मग मी घसा साफ केला आणि पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणालो.